डायलिसिस सेंटर चांगलं आहे का, हे घरच्यांनी कसं तपासायचं

कुणाच्या घरी नव्याने डायलिसिस सुरू झालं की पहिला प्रश्न येतो, कुठलं सेंटर चांगलं? मग ओळखीतले सांगतात की अमुक ठिकाणी एसी मस्त आहे, तमक्या ठिकाणी प्रत्येक बेडसमोर टीव्ही आहे, स्टाफ गोड बोलतो वगैरे. हे सगळं असावंच, चार तास एका जागी पडून राहायचं म्हणजे काय ते पेशंटलाच माहीत. पण आईच्या डायलिसिसमुळे मी वेगवेगळ्या सेंटरमध्ये जे काही बसून बघितलंय त्यावरून सांगते, पेशंटची तब्येत पुढची वर्षं कशी राहणार हे ज्या गोष्टींवर ठरतं त्यातली जवळजवळ एकही रिसेप्शनवर दिसत नाही. त्या दिसतात आरओ रूममध्ये (डायलिसिसचं पाणी शुद्ध करतात ती खोली), दोन बॅचच्या मधल्या वेळात, आणि महिन्याच्या रिपोर्टवर. आणि हे बघायला डॉक्टर असावं लागत नाही, काय बघायचं ते माहीत असलं की कुणालाही जमतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

कधी जायचं

सेंटर बघायला सकाळी नऊला, सगळे पेशंट मशीनवर शांत झोपलेले असताना जाऊ नका, त्या वेळी सगळीच सेंटर छान दिसतात. बहुतेक ठिकाणी दिवसाला दोन किंवा तीन बॅच असतात, पहिली पहाटे सहा-सातची. ती संपून दुसरी लागते ना, त्या वेळी जा आणि कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघा. तेव्हा खूप गडबड असते, एकाच्या सुया काढायच्या असतात, दुसरा दारात वजन करत असतो, आणि याच वेळी इन्फेक्शन एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जायचा धोका सगळ्यात जास्त असतो.

बघायचं काय तर, एका पेशंटच्या सुया काढलेल्या हातमोज्यांनीच टेक्निशियन दुसऱ्या पेशंटकडे जातो का. त्याच मोज्यांनी मोबाईल उचलतो का, मशीनची बटणं दाबतो का, फाईल लिहितो का. एक पेशंट उठल्यावर खुर्ची किंवा बेड, मशीनचा बाहेरचा भाग, बीपीचा पट्टा हे सगळं हायपोक्लोराइटने (जंतू मारायच्या औषधाने) पुसलं जातं का, की नुसती चादर बदलून पुढच्याला झोपवतात. मशीनला दोन पेशंटच्या मध्ये आतून डिसइन्फेक्शनची सायकल लावतात, त्याला वेळ लागतो, त्यामुळे एक पेशंट उठला आणि पाच-दहा मिनिटांत त्याच मशीनवर दुसरा सुरू झाला असं दिसलं तर समजून जा की काहीतरी गाळलं गेलंय.

अजून एक बघा, हेपॅरिनचं, म्हणजे मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते इंजेक्शन कुठे भरतात. ते वेगळ्या स्वच्छ टेबलवर, पेशंटपासून लांब भरलं पाहिजे. एकच मोठी बाटली ट्रेमध्ये घेऊन बेडबेडवर फिरत प्रत्येकाला त्यातून भरून देणं ही फार वाईट सवय आहे, हेपटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, पसरायचा हा एक ओळखीचा रस्ता आहे.

पाणी

या मुद्द्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पेशंटच्या घरचे लोक नेमकं हेच विचारत नाहीत. डायलिसिस मशीनमधून साधारण मिनिटाला ५०० मिली डायलायझेट (शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेलं, रक्तातली घाण ओढून घेणारं द्रावण) वाहतं, म्हणजे चार तासांत १२० लिटर. आठवड्यात तीन वेळा म्हटलं तर ३६० लिटर. आपण पितो त्या पाण्याला पोट आहे, लिव्हर आहे, किडनी आहे, मध्ये चाळण्या आहेत. इथे पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळायच्या नळकांड्याचा, एक पातळ पडदा असतो. जे माणसाला पिऊन काही होणार नाही असं पाणीसुद्धा इथे जीव घेऊ शकतं. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू गावातल्या डायलिसिस सेंटरमध्ये तलावाच्या पाण्यातलं शेवाळाचं विष पाण्यात राहिलं आणि पन्नासच्या वर पेशंट लिव्हर खराब होऊन गेले. टँकरने आणलेलं पाणी होतं, नीट शुद्ध न केलेलं. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर किती ठिकाणी येतात ते सांगायला नको.

तर सेंटरला विचारा, पाणी कुठून येतं? नळाचं, बोअरचं की टँकरचं, आणि उन्हाळ्यात बदलतं का. आमच्याकडे अकोला-बुलढाणा-अमरावतीचा खारपाणपट्टा आहे, पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीतलं पाणी खारट, तिथे बोअरच्या पाण्यावर आरओ चालवायचा म्हणजे मेम्ब्रेन लवकर खराब होतात, वेळेवर बदलल्या नाहीत तर क्षार पुढे यायला लागतात. नळाचं पाणी असेल तर वेगळी भानगड असते, पावसाळ्यात नगरपालिका ब्लिचिंग पावडर जास्त टाकते, आणि क्लोरीन-क्लोरामाइन आरओने नीट निघत नाही, ते काढायचं काम त्याच्या आधीच्या कार्बन फिल्टरचं. ते रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात, पेशंटचं हिमोग्लोबिन कारण नसताना खाली यायला लागतं, आणि घरचे बिचारे बीट आणि पालक शोधत बसतात.

म्हणून क्लोरीनची टेस्ट रोज, खरं तर प्रत्येक बॅचच्या आधी, व्हायला पाहिजे. पट्टी किंवा थेंब टाकून होते, दोन मिनिटांचं काम. एकूण क्लोरीन ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर चालत नाही. आरओ रूममध्ये याचं एक रजिस्टर असतं. ते दाखवा म्हणा. चांगल्या सेंटरमध्ये टेक्निशियन खुशीने दाखवतो, त्यालाही बरं वाटतं कुणी विचारलं तर. रजिस्टर बघताना एवढंच बघा की रोजचे आकडे आहेत का आणि ते थोडे तरी वेगवेगळे आहेत का. महिनाभर एकाच पेनने एकाच अक्षरात एकच आकडा खाली ओढलेला असेल तर ते एका दिवसात बसून भरलंय.

टीडीएस मीटर बरेच जण दाखवतात आणि बघा आपलं पाणी किती शुद्ध म्हणतात. टीडीएस बघावाच, पण त्यातून फक्त विरघळलेले क्षार कळतात, जंतू कळत नाहीत आणि जंतू मेल्यावर राहणारं एंडोटॉक्सिन तर अजिबात कळत नाही. त्यासाठी पाण्याचं कल्चर दर महिन्याला लॅबला पाठवायचं असतं, एक मिलिलिटरमध्ये जंतूंच्या कॉलनी १०० च्या आत हव्यात, आणि एंडोटॉक्सिनची टेस्टही ठराविक दिवसांनी. शेवटचा कल्चर रिपोर्ट मागा. तारीख सहा महिन्यांपूर्वीची असेल तर काय ते समजा.

आणि कागद नाहीच मिळाले तर एक गोष्ट तुम्ही स्वतः ओळखू शकता. डायलिसिस सुरू झाल्यावर तासाभरात एखाद्याला हुडहुडी भरून ताप आला तर त्याच्या लाईनमध्ये, म्हणजे रक्त ने-आण करायच्या नळीत, इन्फेक्शन असू शकतं. पण एकाच दिवशी, एकाच बॅचला दोघा-तिघांना थंडी वाजून आली तर बहुतेक पाण्यात किंवा डायलायझर धुऊन परत वापरतात त्या धुण्यात गडबड आहे. "एसी कमी करा", "क्रोसिन घ्या" यावर भागवू देऊ नका. त्या दिवशी पाण्याची टेस्ट झाली का, रक्ताचं कल्चर घेतलं का हे विचाराच.

चार तास म्हणजे चार तास

मशीनवर घेतल्यापासून उतरवेपर्यंत किती वेळ झाला हे घड्याळात बघा. सुया लावणं, लाईन जोडणं, शेवटी रक्त परत देणं हे चार तासांत धरायचं नाही. तीन बॅच बसवायच्या म्हणून साडेतीन तासांवर उतरवणारी सेंटर आहेत, आणि पेशंटही म्हणतात की दादा काढा लवकर, बस चुकेल. अर्धा तास कमी म्हणजे फार काही नाही असं वाटतं पण आठवड्याला दीड तास आणि महिन्याला एक-दीड अख्खं डायलिसिस कमी होतं, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही कारण पेशंट चालत घरी जातो, जेवतो, झोपतो. मग हळूहळू भूक जाते, मळमळतं, अंगाला खाज सुटते, रात्री पाय वळवळतात, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला.

आजार वाढला की डायलिसिस कमी पडतंय हे बघायचा आकडा आहे आणि तो घरी काढता येतो. त्याला यूआरआर म्हणतात. डायलिसिसच्या आधीचा युरिया आणि नंतरचा युरिया, एकाच दिवसाचा. आधीच्यातून नंतरचा वजा करा, आलेल्याला आधीच्याने भागा, शंभरने गुणा. समजा आधी १५० आणि नंतर ४८, तर फरक १०२, म्हणजे ६८ टक्के. हा किमान ६५ हवा. केटी बाय व्ही म्हणून तेच मोजणारा दुसरा आकडा असतो, तो १.२ च्या खाली नको, १.४ च्या आसपास असावा असं धरतात. हे आकडे आठवड्याला तीन वेळा डायलिसिस होतं असं धरून आहेत, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे पैशापायी किंवा लांबच्या प्रवासापायी पुष्कळ पेशंट दोनदाच करतात, त्यांचा आकडा ६५ आला म्हणून पुरेसं झालं असं होत नाही, त्यांनी डॉक्टरांशी यावर स्पष्ट बोललं पाहिजे.

नंतरचं सॅम्पल कसं घेतात तेही बघा कारण यात आकडा खोटा चांगला येऊ शकतो, आणि कुणी मुद्दाम करतंय असंही नसतं, घाईत होतं. बरोबर पद्धत अशी की डायलायझेट आणि अंगातलं पाणी काढणं थांबवून, पंपाचा स्पीड १०० वर आणून दहा-पंधरा सेकंद थांबायचं आणि मग आर्टेरियल लाईनमधून (पेशंटकडून मशीनकडे रक्त नेणाऱ्या नळीतून) रक्त घ्यायचं. फुल स्पीडवर घेतलं किंवा व्हीनस बाजूने (रक्त परत देणाऱ्या नळीतून) घेतलं तर नुकतंच साफ झालेलं रक्त त्यात येतं आणि युरिया खूप कमी दिसतो. आकडा एकदम ८५ वगैरे आला आणि पेशंटला मात्र खाज, मळमळ सगळं आहे, तर सॅम्पल परत घ्यायला सांगा.

महिन्याच्या रिपोर्टमध्ये बाकी हिमोग्लोबिन बघा, ते साधारण १० ते ११.५ मध्ये राहावं असा प्रयत्न असतो, त्यासाठी एरिथ्रोपोएटिनचं (रक्त वाढवायचं) इंजेक्शन आणि आयर्न. इंजेक्शन चालू असूनही हिमोग्लोबिन वर येत नसेल तर आयर्नची टेस्ट झाली का, लाईनमध्ये रक्त गोठून वाया जातंय का, डायलिसिस पुरेसं आहे का हे शोधायला पाहिजे, नुसता इंजेक्शनचा डोस वाढवत जाणं बरोबर नाही, आणि दर थोड्या दिवसांनी रक्त चढवणं तर नाहीच, पुढे ट्रान्सप्लांट करायचं असेल तर त्याने अडचण वाढते. पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, अल्ब्युमिन हेही त्यातच. हे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी काही बदललं का, हा खरा प्रश्न आहे. रिपोर्ट आला आणि फाईलला लागला, एवढंच होत असेल तर तपासणीचा खर्च फुकट.

वजन आणि पाणी काढणं

प्रत्येक वेळी आधी आणि नंतर वजन झालं पाहिजे, एकाच काट्यावर, चप्पल काढून. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं आणि महिन्याला एकदा तरी परत बघायचं असतं, कारण माणूस जेवायला लागला की खरं वजन वाढतं आणि आजारी पडला की उतरतं. जुनंच ड्राय वेट वर्षभर चालवलं तर एक तर अंगात पाणी राहून रात्री झोपताना दम लागतो, नाहीतर जास्त पाणी काढलं जाऊन बीपी पडतं, पायात गोळे येतात, पेशंट उतरल्यावर दिवसभर आडवा.

किती पाणी काढणं झेपतं याला मोजमाप आहे, तासाला किलोमागे १३ मिलीच्या वर जाऊ नये. ६० किलोच्या माणसाचं तासाला ७८० मिली, चार तासांत साधारण ३.१ लिटर. कोणी साडेचार लिटर वाढवून आला आणि साडेतीन तासांत सगळं काढायला लावलं तर त्याच्या हृदयावर ताण येणारच. चांगला टेक्निशियन अशा वेळी डॉक्टरांना फोन करतो, वेळ वाढवतो किंवा दुसऱ्या दिवशी एक जादा सेशन ठेवतो, आणि पेशंटला रागावण्यापेक्षा खाण्यात मीठ कुठून येतंय ते विचारतो. लोणचं, पापड, फरसाण, ठेचा, तहान तिथून लागते.

आईच्या एका सेंटरमध्ये डायलिसिसच्या चार्टवर दर तासाला बीपी लिहिलेलं असायचं, १३०/८०, १३०/८०, १३०/८०. मी शेजारी बसलेली, पट्टा एकदाच बांधलेला. दुसऱ्या सेंटरला चार्ट बघितला तर १५८/९०, मग १४०/८४, मग ११८/७०, त्यापुढे लिहिलेलं की पाणी काढणं कमी केलं, पाय वर केले. पेशंट तीच, खाणंपिणं तेच. खऱ्या चार्टमध्ये आकडे वरखाली होतात आणि काय केलं ते लिहिलेलं असतं, तुम्ही पण तोच बघा.

डायलायझर

आपल्याकडे बहुतेक सेंटरमध्ये डायलायझर धुऊन परत वापरतात, आणि नीट केलं तर त्यात वाईट काही नाही, खर्च वाचतो. पण नीट म्हणजे काय तर डायलायझरवर पेशंटचं पूर्ण नाव, नंबर, पहिल्यांदा वापरल्याची तारीख, कितव्यांदा वापरतोय हे सगळं लिहिलेलं असावं. दर वेळी धुतल्यावर त्याची भरण्याची क्षमता मोजतात, ती मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली की फेकायचा, "अजून एकदा चालेल" नाही. आतल्या बारीक नळ्या पांढऱ्या दिसल्या पाहिजेत, लालसर-काळपट पट्टे दिसले तर रक्त गोठून राहिलंय. जंतू मारायला भरलेलं औषध, पेरॅसिटिक अ‍ॅसिड वगैरे, पूर्ण निघालं का याची पट्टी जोडायच्या आधी लावतात, ती लावताना तुम्ही बघा.

आणि नाव रोज स्वतः वाचायची सवय पेशंटला लावा. एकाच आडनावाचे दोन पेशंट एका बॅचला असणं आपल्याकडे नेहमीचं आहे. सुई लावायच्या आधी "दादा, डायलायझर दाखवा" एवढं म्हणायचं, त्यात कुणाचा अपमान नाही. चांगल्या ठिकाणी तेच स्वतःहून समोर धरतात आणि नाव विचारतात.

कावीळ आणि वेगळी मशीन

नवीन पेशंट आला की हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची टेस्ट झाल्याशिवाय मशीनवर घेऊ नये, आणि पुढेही ठराविक महिन्यांनी परत. हेपटायटिस बी वाल्यांची मशीन वेगळी, खोली वेगळी, शक्यतो त्या बॅचला त्यांच्याकडचा टेक्निशियनही वेगळा, आणि त्यांचा डायलायझर धुऊन वापरायचा नाही. हेपटायटिस सी ची मशीनसुद्धा आपल्याकडे बरीच सेंटर वेगळी ठेवतात. तुम्ही सरळ विचारा, गेल्या वर्षभरात इथे येऊन कुणी पॉझिटिव्ह झालं का. उत्तरात जो चाचरतो त्याच्याबद्दल सावध.

हेपटायटिस बी ची लस मात्र आपल्या हातातली गोष्ट आहे. डायलिसिसवाल्यांना नेहमीच्या दुप्पट डोस लागतो, ४० मायक्रोग्रॅम, सुरुवातीला, एका महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. नंतर टायटर, म्हणजे लस कितपत लागू पडली याचा रक्तातला आकडा, तपासतात, तो १० च्या वर हवा. सेंटर हे आपणहून सांगत असेल तर त्या सेंटरबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं.

फिस्टुला

हॉलमध्ये एक नजर फिरवा आणि किती जणांच्या मानेत कॅथेटर (शिरेत घातलेली नळी) आहे ते बघा. नवीन पेशंटला मानेतून सुरू करावं लागतं हे मान्य, पण वर्ष-वर्ष झालेले पेशंटसुद्धा निम्म्याहून जास्त मानेच्या लाईनवरच असतील तर त्या सेंटरमध्ये फिस्टुलाचा, म्हणजे सुया लावता याव्यात म्हणून ऑपरेशन करून हातातली शीर धमनीला जोडतात त्याचा, पाठपुरावा कुणी करत नाही. फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच विषय निघायला हवा. कॅथेटर जोडताना टेक्निशियनने आणि पेशंटने दोघांनीही मास्क लावायचा, टोकं घासून पुसायची, ड्रेसिंग कोरडं आणि तारीख टाकलेलं असायला हवं.

फिस्टुला असेल तर सुई लावायच्या आधी हात साबणाने धुवायला बेसिन आहे का, टेक्निशियन आधी हात ठेवून थरथर लागते का ते बघतो का, आणि दर वेळी जागा थोडी बदलतो का. सोपं पडतं म्हणून एकाच जागी टोचत राहिलं की तिथे फुगा येतो, कातडी पातळ होते, आणि तो फुटला तर काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो. अशी चमकणारी, पातळ, खपली न भरणारी जागा दिसली तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधताना कुणी दिसलं तर लगेच थांबवा.

माणसं आणि इमर्जन्सी

तीन मशीनमागे एक टेक्निशियन असेल तर ठीक, एकटाच सात-आठ बघत असेल तर तो कितीही हुशार असो, दोघांचं बीपी एकदम पडलं तर काय करणार? त्याचं शिक्षण विचारा, डायलिसिस टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा डिग्री आहे की बघून बघून शिकलाय. नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) कुठल्या वारी येतात आणि आल्यावर प्रत्येक पेशंटपाशी थांबतात का की फायलींवर सह्या करून जातात, हे स्टाफपेक्षा बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाईकांना विचारा. चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत सगळं कळतं, पण एकाच्या सांगण्यावर जाऊ नका, दोन-तीन वेगवेगळ्या बॅचवाल्यांशी बोला.

लाईट गेली तर काय, हे विचाराच. जनरेटर आहे का, आपोआप सुरू होतो का, डिझेल असतं का. मशीनच्या बॅटरीवर पंप थोडा वेळ चालतो, आणि नाहीच तर हाताने फिरवायचं हँडल असतं, ते मशीनला आहे का आणि ते फिरवून रक्त परत कसं द्यायचं हे ड्युटीवरच्या प्रत्येकाला येतं का. ऑक्सिजन, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं मशीन), इमर्जन्सी औषधांचा ट्रे डोळ्यांनी बघा, कुलुपात असेल तर किल्ली कुणाकडे. सेंटर हॉस्पिटलच्या आत नसेल, नुसतं गाळ्यात असेल, तर आयसीयूला न्यायचं कुठे आणि कशातून.

रविवारचं पण विचारा. बऱ्याच ठिकाणी रविवार बंद असतो, म्हणजे आठवड्यात एकदा दोन दिवसांचा गॅप पडतो, आणि त्या लांब गॅपच्या शेवटी पोटॅशियम आणि पाणी दोन्ही वाढून पेशंट दगावायचा धोका जास्त असतो. दिवाळीत तर हा गॅप अजून वाढतो आणि त्यात घरात फराळ. चांगलं सेंटर सणाच्या आधीच वेळापत्रक लावतं आणि सुट्टीच्या दिवशी उचलला जाणारा एक नंबर देतं. तो नंबर एकदा रात्री लावून बघा.

पैसे आणि योजना

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली होती, २०१७ पासून हे नाव. जिल्हा रुग्णालयांत प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची सेंटर आहेत, २०१६ च्या बजेटमध्ये जाहीर झालेली. सरकारी म्हणजे वाईट असं अजिबात धरू नका, वर लिहिलेलं सगळं तिथेही तसंच तपासा, काही ठिकाणी खासगीपेक्षा चांगलं काम चालतं.

योजनेतून डायलिसिस कॅशलेस आहे, त्यामुळे टेबलाखालून किंवा "किट चार्ज" म्हणून पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या माणसाला) भेटा, नाहीतर १५५३८८ ला फोन. इंजेक्शन, आयर्न, महिन्याच्या तपासण्या पॅकेजमध्ये आहेत का हे आधीच लिहून घ्या, भांडणं बहुतेक तिथेच होतात. खासगीत दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं हे महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार बंधनकारक आहे. भिंतीवर नसेल तर विचारा. तक्रार ऐकली जात नसेल तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक नाहीतर जिल्हा आरोग्य अधिकारी. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पेशंटला त्रास देतील या भीतीने लोक गप्प बसतात, ती भीती खोटी नाही, म्हणून तीन-चार घरांनी मिळून सही केलेला अर्ज बरा पडतो.

ट्रान्सप्लांटचा विषय सेंटर काढतं का, हेही मी बघते. पेशंट ट्रान्सप्लांटला बसत असेल तर झेडटीसीसीकडे, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय समितीकडे, नाव नोंदवता येतं, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार आहेत. पेशंट सुटला तर बेड रिकामा होईल या हिशोबाने कुणी ही माहिती देत नसेल तर ते सेंटर पेशंटसाठी चालत नाही.

बदलायचं ठरलं तर

जवळचं सेंटर सोडून लांबचं धरण्याआधी विचार करा, आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन दोन-दोन तास एसटी हे पेशंटला झेपतं का, आणि कंटाळून एखादं सेशन बुडणार असेल तर जवळचंच सुधारून घेतलेलं बरं. पाण्याचा रिपोर्ट मागणारे, घड्याळ बघणारे चार नातेवाईक एका बॅचला असले की सेंटरमध्ये फरक पडतो, हे मी बघितलंय. पण पाणी, काविळीची वेगळी सोय आणि इमर्जन्सी, या तिघांपैकी एकातही खोट असेल तर सुधारायची वाट बघू नका, बदला.

जाताना जुन्या सेंटरकडून एवढं लिहून घ्या: ड्राय वेट, डायलायझरचा प्रकार, हेपॅरिनचा डोस, डायलायझेटमधलं पोटॅशियम, पंपाचा स्पीड, शेवटच्या तीन महिन्यांचे रिपोर्ट, काविळीच्या टेस्ट आणि लसीच्या तारखा, आणि फिस्टुलावर आर्टेरियल-व्हीनस सुई कुठे लावतात त्याचा हातावर पेनने खूण करून काढलेला मोबाईलमधला फोटो. हा फोटो फार कामाला येतो, नवीन माणूस पहिल्या दिवशी चुकीच्या जागी टोचून हात काळानिळा करतो ते वाचतं. नवीन ठिकाणी पहिलं सेशन शनिवारी घेऊ नका, सोमवार-मंगळवारच्या सकाळच्या बॅचला घ्या, म्हणजे काही झालं तर डॉक्टर आणि लॅब दोन्ही जागेवर असतात, आणि लागलंच तर दुसऱ्या दिवशी जुन्या सेंटरला परत जाता येतं. जुन्या सेंटरमधली जागा पहिले दोन आठवडे सोडू नका, तसं आधीच बोलून ठेवा.